प्रश्न सर्वनामाचा

सर सगळ्यांना 'अहो' म्हणत. हेडमास्तरांना म्हणत, शिपायाला म्हणत आणि पाचवीतल्या, बाहीला नाक पुसत उभ्या असलेल्या पोरालाही म्हणत. "अहो, तुम्ही काल गृहपाठ का केला नाहीत?" असं त्यांनी विचारलं की ते पोर आधी मागे वळून बघे, आपल्यामागे कोणी मोठं माणूस उभं आहे की काय म्हणून. एकदा पालघरच्या स्टेशन रोडवरून पुस्तक वाचत चालताना ते समोरून येणाऱ्या गवताच्या गाडीवर आदळले. गाडीवानाने कसेबसे बैल आवरले. सरांनी चष्मा नीट केला, बैलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "माफ करा, तुम्ही दिसला नाहीत."

ही गोष्ट गावात बरेच दिवस चालली. पण सरांना ती विनोदी वाटत नसे. "लहानपणी वार लावून जेवलो मी," ते एकदा मला म्हणाले. "सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. प्रत्येक घरात कोण कोणाला काय म्हणतं ते आधी कान देऊन ऐकायचं, मग पानावर बसायचं. चुकलं तर पुढच्या आठवड्याला पान नाही. अहो म्हटलं की कुठेच चुकत नाही."

मी त्या शाळेत विज्ञान शिकवायची. कराडहून लग्न होऊन इकडे आलेली. तारापूरच्या बाजूला वीजकेंद्राचं बांधकाम नुकतं सुरू झालं होतं आणि माझे यजमान तिथे ओव्हरसियर होते. आम्ही पालघरला दोन खोल्यांत राहायचो आणि ते रोज सकाळच्या गाडीने बोईसरला जायचे. सर आमच्या मागच्या आळीत एकटेच राहत. मराठी आणि हिंदी शिकवत. पण त्यांची खरी नोकरी वेगळीच होती, ती त्यांना कोणी दिलेली नव्हती आणि तिचा पगारही नव्हता. गुजराती, बंगाली, कानडी, तमिळ, उर्दू आणि कुठूनशी मिळवलेली जर्मन, एवढ्या भाषा ते व्याकरणाच्या पुस्तकांवरून शिकले होते आणि त्या सगळ्यांतल्या कादंबऱ्या ते एकाच गोष्टीसाठी वाचत. कोण कोणाला 'तू' म्हणतं, कोण 'तुम्ही' म्हणतं आणि कुठल्या पानावर ते बदलतं. यावर त्यांना एक मोठा ग्रंथ लिहायचा होता. ते वाचत तेव्हा पेन्सिल कानावर असे, आणि मधेच 'बदललं!' असं मोठ्याने म्हणत. स्टाफरूममध्ये आम्ही दचकायचो.

त्यांच्या खोलीत खुर्ची नव्हती. शब्दकोश रॉकेलच्या रिकाम्या डब्यांत, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेले असत. पाहुणा आला की त्याने डब्यावर बसायचं. "तमिळवर बसा, तो डबा मजबूत आहे," असं सांगत. शब्दकोशाबद्दल त्यांचं मत मात्र फार चांगलं नव्हतं. "ते रेल्वेचं टाइमटेबल आहे. गाडी येईलच असं नाही."

लोकांना ते काय काय विचारत. टांगेवाल्याला, "तुमच्या मंडळी तुम्हाला चारचौघांत काय म्हणतात? आणि घरात?" टांगेवाला एकदा हातघाईवर आला होता. मी मध्ये पडले म्हणून निभावलं.

यजमानांचे वरचे इंजिनियर एक बंगाली गृहस्थ होते, दासबाबू. पन्नाशीच्या आसपासचे, एकटे, बोईसरला साइटजवळ क्वार्टरमध्ये राहणारे. यजमान सहज बोलून गेले की साहेब संध्याकाळी बंगाली पुस्तक मोठ्याने वाचत बसतात. मी ते शाळेत सरांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, आमचा चहाही झाला नव्हता, तर सर दारात.

"मला बंगाली बोलणारा माणूस पाहायचाय," ते म्हणाले.

"पाहायचाय म्हणजे?"

"मी पंधरा वर्षं बंगाली वाचतोय. ऐकलेली नाही."

रविवारी दासबाबू आले. गोल चेहरा, पांढरा सदरा, हातात कागदात गुंडाळलेलं पापलेट. समुद्राच्या माशाला ते नावं ठेवत आणि तरी घेऊन येत. सरांनी पिशवीतून एक जुनी बंगाली कादंबरी काढून त्यांच्या हातात दिली आणि हात जोडून म्हणाले, "एक पन्ना पढ़िए।" दासबाबूंनी पान वाचलं. सरांनी डोळे मिटले होते. पान संपलं तरी उघडले नाहीत. मग म्हणाले, "अहो, मी इतकी वर्षं दुसरीच कुठली तरी भाषा वाचत होतो."

दासबाबू एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मैत्री तिथेच झाली.

त्यानंतर दर रविवारी दासबाबू येऊ लागले. एकदा त्यांनी स्वतःचं एक पुस्तक आणलं. फार कोणी न वाचलेली, त्यांच्या एका चुलत भावाने लिहिलेली छोटी कादंबरी. भाऊ वारला होता. "इसको मराठी में ले आइए, सर," ते म्हणाले. सरांनी आयुष्यात एकही भाषांतर केलेलं नव्हतं. एका भाषेतलं दुसरीत नेताना काहीतरी सांडतंच, अशी त्यांची भीती होती. पण दासबाबूंना ते नाही म्हणू शकले नाहीत.

मग आमच्या पुढच्या खोलीत ते काम सुरू झालं. दासबाबू एक वाक्य वाचायचे, हिंदीतून समजावायचे. सर मराठी करायचे आणि माझ्याकडे वळून विचारायचे, "कराडला असं म्हणतील?" मी पोळ्या लाटता लाटता सांगायची, म्हणतील किंवा नाही म्हणणार. सर म्हणायचे, "भाषांतर करणारा पाहुणा असतो. दुसऱ्याच्या घरातली भांडी वापरावीत, पण त्यांची जागा बदलू नये." दासबाबूंना हे फार आवडायचं. आपल्या साइटवर ते सगळ्यांना सांगत, पालघरचा एक मास्टर असा असा बोलला. दोन पावसाळे गेले. मुंबईच्या एका छोट्या प्रकाशकाने छापायचं कबूल केलं. मी सरांना तेव्हाइतकं आनंदी कधी पाहिलं नाही. त्यांनी नवा सदरा शिवला आणि त्याची बटणं उलटसुलट लावून ते रविवारी हजर झाले.

आणि मग ते पान आलं.

कादंबरीत एक मुलगा आईच्या मनाविरुद्ध घर सोडून जातो. बऱ्याच वर्षांनी परत येतो, अंगणात उभा राहतो. आई त्याला जन्मभर 'तुइ' म्हणत आलेली, म्हणजे आपलं 'तू'. ती दारात येते आणि परक्याला म्हणावं तसं आदराने म्हणते, "आपनि कोबे एलेन?" आपण केव्हा आलात? सरांनी मराठी केलं, "केव्हा आलास?"

दासबाबू म्हणाले, "नहीं सर. 'आलास' नहीं. 'आपनि' है।"

"मला दिसतंय ते," सर म्हणाले. मग हिंदीत सांगू लागले की मराठीत आई मुलाला 'आपण केव्हा आलात' म्हणाली तर तो टोमणा होतो. रोज उशिरा उठणाऱ्या पोराला आमच्याकडे आई म्हणतेच, उठलात का महाराज. वाचक हसेल. सगळं पान वाया जाईल.

"टोमणा नहीं है।"

"तेच म्हणतोय. टोमणा नाही, म्हणून 'तुम्ही' नको."

"लेकिन माँ ने 'आपनि' बोला।"

असं बराच वेळ चाललं. दासबाबू शांतपणे तेच तेच सांगत राहिले, आणि सरांचा आवाज चढत गेला. हा त्यांच्या आयुष्याच्या अभ्यासाचा विषय होता, सहा भाषांतली उदाहरणं त्यांच्या जिभेवर होती. ती त्यांनी एकामागून एक काढली. कानडीत काय होतं, उर्दूत काय होतं. शेवटी दासबाबू म्हणाले, "सर, हम सुना है। अपने कान से।"

आणि सर म्हणाले, "ऐसी माँ होती ही नहीं, दासबाबू. कोणतीही आई आपल्या मुलाशी असं बोलणार नाही. ये माँ काग़ज़ की है।"

दासबाबूंनी चष्मा काढला, मिटून खिशात ठेवला. कपात उरलेला चहा उभ्याउभ्या प्यायले. मला म्हणाले, "बहनजी, चाय बहुत अच्छा था।" चपला घातल्या आणि गेले. ते पुस्तक आमच्या टेबलावरच राहिलं.

पुढच्या रविवारी सर वेळेवर आले आणि दाराकडे तोंड करून बसले. कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी म्हटलं, "सर, बोईसर काही काशीला नाही. गाडीत बसा आणि जाऊन या." ते म्हणाले, "प्रश्न व्यक्तीचा नाही, सर्वनामाचा आहे. ते येतील. रागाला वाक्य पुरं करू द्यावं." यजमान मधूनमधून सांगत, साहेबांनी मास्तरांची चौकशी केली. सर मान हलवत आणि दुसरा विषय काढत. प्रकाशकाचं आठवण करून देणारं पत्र आलं, सरांनी उत्तर दिलं नाही.

मे महिन्यात आम्हा शिक्षकांना गावोगाव फिरावं लागे. सातवी झालेल्या मुली पुढे शाळेत येत नसत, त्यांच्या घरी जाऊन आईबापांची समजूत घालायची. मी आणि सर शिरगावला गेलो. तिथल्या कोळीवाड्यातली एक मुलगी हुशार होती. आईविना वाढलेली, आजीजवळ राहणारी. आजी अंगणात सुकवलेले बोंबील निवडत बसली होती. आम्हाला तिने चटईवर बसवलं, पाणी दिलं. मुलीला पुढे शिकवायचं म्हटल्यावर म्हणाली, "शिकंल नं. मी कई नाय बोलते? पन येयाला-जायाला बसचं काय, ते तुमी बगा."

आमचं बोलणं चालू असताना कुंपणाशी कोणीतरी आलं. पँट-शर्ट घातलेला, तिशी-पस्तिशीचा माणूस, हातात मिठाईचा पुडा. म्हातारीने वर पाहिलं. तिचे हात थांबले. मग अगदी हलक्या, नीट आवाजात ती म्हणाली,

"या. बसा. खुर्ची आनू काय तुमाला?"

सरांना वाटलं, त्यांनाच विचारतेय. ते घाईने म्हणाले, "नको नको, मी इथेच बरा आहे."

"तुमाला नाय वो, मास्तर," म्हातारी म्हणाली. "यांना बोलते. माजा पोरगा हाय."

तो माणूस उभाच राहिला. पोरीने आतून डोकावून बापाकडे बघितलं आणि पुन्हा आत गेली. म्हातारी पाहुण्याकडे बघावं तशी त्याच्याकडे बघत होती, राग नाही, रडणं नाही. "पानी देऊ काय?" तिने विचारलं. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण बोलला नाही. पुडा ओट्यावर ठेवला, थोडा वेळ पायातल्या बुटाने वाळू उकरत राहिला आणि आला तसा निघून गेला.

म्हातारी पुन्हा बोंबील निवडू लागली. जरा वेळाने आपणहूनच म्हणाली, "बापाच्या मयताला नाय आला. बोईशराला कामावर हाय, हाकेच्या अंतरावर. दोन शिमगे गेले, आज दिसला."

सरांचा चेहरा मी पाहत होते. त्यांच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच होता.

परतीच्या एस.टी.त ते खिडकीशी बसले. मग म्हणाले, "टोमणा नव्हता हो. एक थेंबसुद्धा टोमणा नव्हता."

"नव्हता," मी म्हटलं.

"मी त्या माणसाला खोटं पाडलं."

"मग उद्याच जा बोईसरला. उद्या रविवार आहे."

"असा रिकाम्या हातांनी कसा जाऊ?" सर म्हणाले. आणि मला समजावून सांगू लागले. ते एक 'तुम्ही' तिथे नुसतं ठेवून भागणार नाही. ते लागायचं असेल तर त्याआधीचा आईचा प्रत्येक 'तू' तेवढा ओला हवा, प्रत्येक 'अरे', प्रत्येक 'रे'. सगळं पुस्तक पहिल्यापासून पुन्हा करायला हवं. ते करून हातात घेऊन जाईन, म्हणजे काही बोलायलाच नको.

त्या रात्री जेवताना मी यजमानांना शिरगावची हकिगत सांगितली. ते घास हातात धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुला ठाऊक नाही? दासबाबूंनी मला सांगितलंय. त्या कादंबरीतला मुलगा म्हणजे तेच. त्यांच्या भावाने घरातलंच लिहिलं होतं. ती त्यांची आई."

मी हे सरांना सांगावं की नाही, याचा फार विचार केला आणि सांगितलं. मला वाटलं, आता तरी ते धावत जातील. सर डब्यावर बसले. "कागदाची म्हणालो मी त्यांना," ते म्हणाले. "त्यांच्या तोंडावर." मग कानावरची पेन्सिल काढून, "आता तर मुळीच रिकाम्या हातांनी जाता येणार नाही."

तो सगळा पावसाळा सरांनी त्या पुस्तकात घालवला. शाळेतून यायचे ते थेट कामाला बसायचे. जेवणाची आठवण राहायची नाही. मी डबा पाठवायची, तो कधी तसाच परत यायचा. रविवारी पाने घेऊन येत आणि मला विचारत, "कराडची आई लाडाने काय म्हणेल? सोन्या म्हणेल का बाळा म्हणेल?" मी सांगायची आणि म्हणायची, "सर, अर्धं झालंय ना, अर्धंच घेऊन जा." ते म्हणायचे, "अहो, अर्धी माफी कशी मागतात?" यजमानांनीही समजावलं. एकदा तर ते सरांना स्टेशनापर्यंत घेऊन गेले होते. गाडी आली. सर म्हणाले, "शेवटचं प्रकरण तेवढं होऊ द्या," आणि माघारी फिरले. काम चांगलं होत होतं, हे मला नाकारता येत नाही. मी ते ऐकलंय. तसं मराठी सरांनी पुन्हा कधी लिहिलं नाही. पण दर रविवारी ती खोली बघताना मला वाटायचं, इथे एक माणूस कमी आहे आणि त्याची भरपाई म्हणून आपण कागद वाढवतोय.

नवरात्राच्या सुमारास दासबाबूंना कावीळ झाली. आधी त्यांनी अंगावर काढली, मग मुंबईला हलवावं लागलं. यजमान भेटून आले. साहेब ओळखतात पण त्यांना बोलवत नाही फारसं, म्हणाले. सरांनी विचारलं, "भेटू देतात?" यजमान म्हणाले, देतात. सर म्हणाले, "दोन दिवसांत पुरं होतंय." त्या दोन दिवसांतच दासबाबू गेले.

ती बातमी यजमानांनीच सरांना जाऊन सांगितली. मी गेले नाही, माझ्याने झालं नसतं. दुसऱ्या दिवशी सर वर्गावर आले. पाचवीच्या पोरांना त्यांनी नेहमीप्रमाणे 'अहो' म्हणून कविता शिकवली. फक्त तासाची घंटा झाली तरी ते खुर्चीवरून उठले नाहीत. पुढच्या तासाला मी गेले तर पोरं गप्प बसून होती आणि सर फळ्याकडे बघत होते.

पुस्तक छापलं गेलं नाही. प्रकाशक एकदा स्वतः पालघरला आला होता. सर त्याला म्हणाले, "हे दोघांचं काम आहे. एकाने शेवटचं ऐकलेलं नाही." तो बिचारा चहा घेऊन परत गेला. सर्वनामांच्या ग्रंथाचंही पुढे काही ऐकू आलं नाही. सर वाचत असत, पण 'बदललं!' म्हणून ओरडत नसत. स्टाफरूममधल्या नव्या लोकांना ते एक सौम्य, विसराळू मास्तर वाटायचे. आम्हाला जुन्यांना ती शांतता सोसायची नाही.

पुढच्या मेमध्ये पुन्हा शिरगावला जायचं होतं. ती मुलगी आठवी पास झाली होती, तिच्या घरी मला उगाच एकदा डोकवायचं होतं. सर म्हणाले, मीही येतो. त्यांच्या पिशवीत पाने होती.

म्हातारी तिथेच, तशीच बसलेली होती. सर खाली वाळूवर तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "आजी, एक गोष्ट आहे. बंगालमधली. वाचून दाखवू का?"

"वाचा नं," म्हातारी म्हणाली. "माजे हात कामात हायत, कान रिकामेच हायत."

सरांनी मुलगा घर सोडून जातो तिथपासून वाचलं. आईचं आधीचं बोलणं, लाडाचं, रागाचं, सगळं. म्हातारी मधे मधे हसली, एकदा "खरा हाय," असंही म्हणाली. मग मुलगा परत येतो, अंगणात उभा राहतो. सरांचा आवाज बारीक झाला. "आई दारात आली आणि म्हणाली, आपण केव्हा आलात?"

म्हातारीचे हात थांबले.

सरांनी पाने खाली ठेवली. समुद्रावरून वारा येत होता, मी कोपऱ्यांवर हात ठेवून ती धरली.

"मंग?" म्हातारीने विचारलं. "पोरगा काय बोलला?"

"काही नाही. निघून गेला. इथे गोष्ट संपते."

"असा कसा गेला? काय तरी बोलाया पायजे होता," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "आमी बाया असा बोलतो तं काय जा म्हनून बोलतो? एक शबुद बोलला असता तं बसवून जेवाया घातला असता तिनी."

सरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसायला लागले, तो पुसून होईना. म्हातारी त्यांच्याकडे निरखून बघत राहिली. मग हातातले बोंबील टोपलीत टाकून जरा पुढे सरकली आणि विचारलं,

"मास्तर, तो पोरगा तुमचा कोन व्हता?"

सरांनी चष्मा तसाच डोळ्यांवर चढवला.

"रविवारी यायचे," ते म्हणाले.